जाळीची चौथी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे; खरं सांगायचं तर आता अर्धीच. अख्खी होते तेव्हा लोणी गावाच्या शिवेवर, गजराबाईंच्या कोकरांच्या शेडला, खिडकीची जाळी धरून बसले होते. तुम्ही अशा शेडवरून कितीदा तरी गेला असाल. तुमचं लक्ष कोकरांकडे जातं, फार तर जाळीकडे. जाळी कुणी धरली आहे, हे कुणी विचारत नाही. विचारावं, असं मला वाटतं. का, ते सांगते.

माझा जन्म भागुजींच्या पडवीत झाला. भागुजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पडवीत एक व्हाइस बसवला. लोखंड जबड्यात गच्च धरून ठेवतो, तो. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या पत्नी, द्रौपदाबाई, सांगायच्या, "लोकं म्हातारपणी नातवंडं खेळवत्यात. आमचं हे लोखंड खेळवत्यात." भागुजींना हा टोमणा आवडायचा. नावडता टोमणा ऐकला की ते कानस जोरात घासतात. या टोमण्याला कानस हळू चालायची.

एकदा भादव्यात गजराबाई सकाळीच आल्या. त्यांचे यजमान राघूभाऊ मेंढरं घेऊन दूर गेले होते आणि लहान कोकरं गजराबाईंवर सोडली होती.

"भाऊ, शेडमागच्या उसात बिबट्या हाय. पाइपाची चौकट करून जाळी आनलीय खिडकीला, पन ती खांबाला धरायला काय न्हाई."

"त्यात काय," भागुजी म्हणाले, "घरात पट्टी पडलीय. मऊ लोखंड हाय, वाकवावं तसं वाकतंय."

मऊ म्हटल्यावर मला जरा राग आला होता. पण ते खरंच होतं.

त्यांनी लांब पट्टीवर खडूने खुणा केल्या आणि करवतीने आमचे चार तुकडे पाडले. कडांची धार कानशीने मोडली. दोन्ही टोकांना भोकं पाडली. मग पाइपाचा एक तुकडा माझ्याखाली धरून मला व्हाइसमध्ये दाबलं आणि हातोडीने बेताबेताने ठोकत गेले. मधे पाइपाएवढा उंचवटा, दोन्हीकडे दोन सपाट कान. माझं रूप मला फार आवडलं. हे सुख दुपारपर्यंत टिकलं.

शेडवर गेलो तर चौघींपैकी एकही चौकटीवर बसेना. गजराबाईंनी पाइपाला जुन्या घोंगडीचे तुकडे गुंडाळून शिवले होते.

"हे काय गुंडाळलंय?"

"कोकरं माना घासत्यात. गार लोखंड लागतंय त्यांना."

"मग माप घेताना सांगायचं व्हतं."

"तुमी पाइप इचारला. घोंगडी कुटं इचारली?"

घोंगडी काढा असं भागुजी म्हणू शकले असते. पण कोकराच्या मानेचा विषय निघाला की गजराबाई ऐकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. घरी उरलेल्या पट्टीत नव्या तीनच झाल्या. चौथी कुठून आणायची? म्हणून मला उचललं, ठोकून सरळ केलं आणि पुन्हा वाकवायला घेतलं.

"हिला लाल करून वाकवली पायजे," ते पुटपुटले. म्हणजे चूल पेटवणं आलं. तेवढ्यात गजराबाई दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, दिवस कलला. अंधाराच्या आत बसवा."

मला गारच वाकवलं. मित्रांनो, एकदा वाकवलेलं लोखंड उलगडून त्याच जागी पुन्हा वाकवलं की ते मऊ राहत नाही. माझ्या डाव्या कानाच्या कोपऱ्यात बारीकसं काहीतरी तुटलं. भागुजींनी अंगठा फिरवला, पण चष्मा घरात होता. वरून तांबडा रंग बसला. चौघी बहिणी एकसारख्या दिसू लागल्या, आणि माझी काळजी तिथून सुरू झाली.

कोकरं खांबाला अंग घासत, तेव्हा चीर किंचित उघडे आणि मिटे. वारा आला की मी मोजत बसे: बाकीच्या तिघी किती धरतील, मी किती. हिशेब जुळत नसे.

एके दिवशी दिवेलागणीला उसातून तो आला. आवाज नव्हता, कोकरं एकदम गप्प झाली, एवढंच. त्याने पंजा जाळीवर ठेवला आणि भार टाकला. माझी चीर आणखी केसभर सरकली. एवढ्यात गजराबाईंनी थाळी बडवत आरडाओरडा केला, कुत्रं धावलं, आणि तो आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी गावभर माझं कौतुक. "भागुजी भाऊंच्या पट्ट्यांनी राखलं बघा." कौतुकाने मला धडकी भरली. कारण त्या भरवशावर गजराबाईंनी जाळीला आतून लावलेला लाकडी टेकू काढला आणि चुलीत घातला. भागुजीही दोनदा तिथून गेले, पण पट्टीकडे कुणी बघितलं नाही. ते आणि गजराबाई एकमेकांकडे बघून हसले, एवढंच. माणसं एखाद्याला चांगलं म्हणाली की त्याच्याकडे बघायचं बंद करतात, हे मी तिथे टांगल्या टांगल्या शिकले. तोंड असतं तर ओरडले असते.

मग खंडेनवमी आली. गजराबाईंच्या घरात एक रीत आहे: आदल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक लोखंडाला, विळ्यापासून कडीपर्यंत, तेलाचा बोळा लावायचा, सकाळी पुसून खंडोबाचा भंडारा उधळायचा. आम्हालाही तेल मिळालं. ते माझ्या चिरेत हळूहळू मुरलं. सकाळी फडक्याने वरवरचं पुसलं, पण चिरेतलं राहिलं. भंडारा पडला. पिवळ्या हळदीवर, कोपऱ्यात, एक काळसर रेघ उमटली.

गजराबाईंना वाटलं कोकराचा केस आहे. पुसला. नवा भंडारा टाकला. रेघ पुन्हा आली. त्या तशाच भरल्या हातांनी भागुजींकडे गेल्या.

"भाऊ, देवानं रेघ वडलीय पट्टीवर. चला."

"गजराबाई, आमी भंडारा मानत न्हाई, ठाऊक हाय ना?"

"तुमी नका मानू. रेघ तरी बघा."

या वेळी द्रौपदाबाईंनी चष्मा त्यांच्या खिशात कोंबला. भागुजींनी वाकून बघितलं आणि रेघेवरून नख फिरवलं. मग मला सोडवलं, दगडावर ठेवलं आणि हातोडीचा एक ठोका दिला. मी रेघेवरच दुभंगले. बिबट्या पुन्हा आला असता तर त्याच्या एका पंजाचा एवढा जोर पुरला असता, हे दोघांनाही कळलं. आत एक कोकरू घोंगडीला मान घासत होतं.

मंचरच्या बाजारातून नवी पट्टी येईपर्यंत दिवस उतरू लागला, आणि खिडकीची एक बाजू अजून मोकळीच होती. पण या वेळी भागुजींनी घाई केली नाही. गजराबाईंनी सळई आडवी लावून खिडकी राखली; द्रौपदाबाईंनी शेगडी फुंकली. नवी पट्टी लाल झाली, आणि घोंगडीसकटच्या पाइपाचं माप दोऱ्याने घेऊन ती एकदाच वाकवली. काळोखाच्या आत ती माझ्या जागी बसली. आतून नवा टेकूही लागला.

माझा हा अर्धा तुकडा आता भागुजींच्या व्हाइसच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला आहे. हल्ली ते प्रत्येक वाकवलेल्या पट्टीला तेल लावतात, पुसतात आणि वर खडूची पूड भुरभुरवतात. द्रौपदाबाई विचारतात, "हा कुटला देव?" ते कानस हळू चालवतात. गजराबाईंकडे भंडारा, इथे खडू. तडा गेलेल्या लोखंडावर रेघ सारखीच उमटते.

म्हणून मित्रांनो, घरातलं जे काही काहीतरी धरून बसलं आहे, त्यावर वर्षातून एकदा उजेडात हात फिरवा. चष्मा लावून. आणि त्याने चांगलं काम केलं असेल, तर त्याच दिवशी.