सुगंधाबाईच्या दारातला लाल ठिपका

"हटा, हटा! आकाशातले डोळे खाली बघतायत. मधे कोणी सावली पाडू नका!"

सावली पाडू नका म्हटल्यावर अख्खा मोहपाडा दोन्ही बाजूंना सरकला. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. चोपड्याहून येणारी एसटी इथेच वळते, कारण पुढे रस्ताच नाही. मोबाइलला रेंज मिळवायची तर टेकडीवर चढावं लागतं. आणि अशा या गावात एका माणसाच्या हातातला मोबाइल आज बोलत होता.

त्या माणसाला आकाशनेत्र महाराज म्हणत. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेलाच लटकवलेली पॉवर बँक. मोबाइल तळहातावर आरतीच्या ताटासारखा धरून ते एकेका दारासमोर थांबत होते. "उपग्रहाय नमः! अक्षांशाय नमः! रेखांशाय नमः!" बायका हात जोडत होत्या. अक्षांश आणि रेखांश हे कुठले देव, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

शीतल नुकतीच एसटीतून उतरली होती. ती जळगावला भूगोलात एम. एस्सी. करत होती, पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होती. प्रकल्पासाठी तिला आपल्याच गावातल्या विहिरी आणि हातपंप नकाशावर घ्यायचे होते. गर्दी बघून तिला वाटलं, कुणाकडे तरी काही कार्य असेल. मग लक्षात आलं की गर्दी तिच्या फुईच्या दाराकडे चालली आहे.

फुई म्हणजे बापाची बहीण, सुगंधाबाई. तिला मूलबाळ नव्हतं आणि नवरा कधीच गेला होता. शीतलची आई वारली तेव्हा हिनेच तिला पदराखाली घेतलं. गावातली निम्मी पोरं हिच्या हातावर जन्मली होती. ती दारात उभी होती, हाताला मोहाची फुलं निवडताना लागलेली माती तशीच होती.

महाराजांनी उंबऱ्याजवळ पाऊल टाकलं आणि मोबाइल थरथरला. मग टिंगटिंग वाजू लागला. महाराजांनी तो उंच धरून सगळ्यांना दाखवला. पडद्यावर गावाचा नकाशा होता. घरं हिरव्या ठिपक्यांची, आणि त्यांच्या मधोमध एकच ठिपका रक्तासारखा लाल.

"रेंज नाही, सिमकार्ड नाही," महाराज म्हणाले, "हे बघा, कार्डाचा खण रिकामा आहे! मग बोलतंय कोण? वरचे बोलतायत. पोरांना खाणारी इथे राहते."

गर्दीतून एक हुंदका आला. तो वनाचा होता. उलट्या-जुलाबांनी त्याची चिमुरडी मागच्या आठवड्यात गेली होती. आणखी कितीतरी घरांत पोरं अंथरुणाला खिळली होती.

शीतल गर्दीत घुसली. पडदा बघताच तिने ओळखला. तसाच नकाशा, तशीच ठिपक्यांची रंगीत रांग तिच्या पिशवीतल्या मोबाइलमध्येही होती. सर्वेक्षणाचं साधं अ‍ॅप, फुकट मिळणारं.

"हे अ‍ॅप आहे! ठिपका यांनीच टाकलाय! माझ्याकडेपण..."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. पहिला दगड कुणी मारला ते कळलं नाही. तो चौकटीला लागला. शीतलने वळून पाहिलं. तिचे वडील, सुकलाल, गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी दगड उचलला नव्हता, पण पाऊलही उचललं नव्हतं.

"आबा, काहीतरी बोला ना!"

सुकलाल खाली बघत राहिले.

सुगंधाबाईंनी कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. त्या वनाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "वना, तुन्ही पोरले मी पहिलं न्हावू घालेल शे रे. मी तिले खासू का?" वनाने तोंड फिरवलं. मग त्या नेसत्या लुगड्यानिशी जंगलाच्या वाटेला लागल्या. गावाने त्यांच्या दाराला बोरीच्या काट्या लावल्या.

सुगंधाबाई शीतलला नाल्याकाठच्या एका खोपीत सापडल्या. अंगात ताप होता. शीतलने त्यांना आधी चोपड्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून पिंप्राळ्याला आपल्या खोलीवर. घरमालकीण उषाताईंनी विचारलं, "कोण गं या?" शीतल म्हणाली, "माझी आई." त्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, फक्त आणखी एक गोधडी आणून दिली.

डाकीण गेली. आता पोरं बरी व्हायला हवी होती. ती झाली नाहीत.

शीतल प्रकल्पासाठी गावात येत राहिली. लोक तिच्याशी बोलायचे टाळत, पण विहिरीचं माप घेऊ देत होते. ती प्रत्येक विहिरीपाशी उभी राही, मोबाइलवर खूण टाकी, पाण्याची खोली आणि आजूबाजूला काय आहे ते भरी. कोणत्या घरात कोण आजारी आहे आणि ते घर पाणी कुठलं भरतं, हेही ती विचारू लागली. बायका आधी दाराआडून उत्तरं देत, मग हळूहळू ओट्यावर येऊन. बाटल्यांत भरलेलं पाणी तिने जळगावला तपासायला दिलं.

आजार हटेना म्हणून गावाने महाराजांना पुन्हा बोलावलं. बोलावणारा होता रुपचंद, गावातलं मोठं प्रस्थ. पहिल्या वेळी महाराज त्याच्याच घरी उतरले होते. तेव्हा घरं तपासायच्या आदल्या दिवशी दोघं गावभर हिंडले होते, 'गावाची ऊर्जा मोजायला'. सुगंधाबाईंच्या घरामागचा जमिनीचा तुकडा रस्त्याला लागून होता आणि रुपचंदचा डोळा त्यावर कधीपासून होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ठिपका आकाशातून पडतो म्हटल्यावर जमिनीकडे कोण बघणार?

या खेपेला गर्दी मोठी होती. शेजारच्या पाड्यांवरूनही लोक आले होते.

"एक गेली," महाराज म्हणाले, "पण तिने विद्या मागे दिलीय. गावात आणखी एक आहे."

सगळ्या बायकांनी एकदम पदर पुढे ओढले. कुणी कुणाकडे बघेना. आज प्रत्येकीला कळत होतं की ठिपका कुठेही पडू शकतो.

तिने ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. ती हात जोडून पुढे आली.

"महाराज, माझी एक विनंती आहे. आधी माझ्या फुईचं घर तपासा. ते शुद्ध झालं की नाही, ते गावाला कळू दे."

लोकांना ते पटलं. "हा, हा, ते घर देखा!" महाराज जरा घुटमळले. पण नाही म्हणायला कारण सापडेना. काट्या बाजूला झाल्या. महाराज उंबऱ्याशी गेले, आणि मोबाइल थरथरला. टिंगटिंग, टिंगटिंग. लाल ठिपका जागच्या जागी.

"ती आतच आहे!" महाराज गरजले. "लपून बसलीय!"

"वनाभाऊ," शीतल म्हणाली, "तुम्ही आत जाऊन बघा."

वना आत गेला. चूल थंड होती. मडकं उपडं होतं. कोपऱ्यात कोळिष्टकं धरली होती. तो बाहेर आला. "आठे कोनी नही शे."

"फुई पिंप्राळ्यात माझ्या खोलीवर आहे. सकाळी मी तिला चहा देऊन निघालेय. मग मोबाइल कुणाला बघून वाजला?"

"तिची छाया! छाया मागे राहते, मूर्ख मुली!"

"बरं. मग माझ्या मोबाइललाही छाया दिसते का, ते बघू." तिने आपला मोबाइल वनाच्या हातात दिला. "सरळ चालत जा, वनाभाऊ. काही दाबू नका."

वना मोबाइल धरून चालू लागला, जणू हातात काठोकाठ भरलेली वाटी आहे. गर्दी मागोमाग. रुपचंदच्या ओट्यापाशी, जिथे महाराजांसाठी गादी घातली होती, तिथे मोबाइल वनाच्या हातात थरथरून वाजू लागला. पडद्यावर रुपचंदचं घर लाल झालं होतं.

ओट्यावर बसलेला रुपचंद ताडकन उठला. "ही काय मस्करी आहे?"

"मस्करी नाही, नाना. मघाशी येता येता मी इथे उभी राहिले आणि ही खूण टाकली. रंग मी निवडला. खुणेजवळ आलं की वाज, असं मीच त्याला सांगितलं. आम्ही विहिरींना अशा खुणा करतो, म्हणजे पुन्हा माप घ्यायला आलो की विहीर चुकत नाही. वाटलं तर आत्ता ही खूण मारुतीच्या पारावर टाकते. मारुतीही डाकीण निघेल."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पण रेंज नही शे ना!" मागून एक म्हातारा म्हणाला.

"याला रेंज लागत नाही, आजोबा. उपग्रह वरून नुसते इशारे पाठवत असतात. ते पकडून मोबाइल आपण कुठे उभे आहोत ते काढतो. त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. कोण उभं आहे, चांगलं की वाईट, मेलेलं की जिवंत, त्याला काय ठाऊक? फुई जाऊन इतके दिवस झाले, पण यांनी टाकलेली खूण तिथेच होती. म्हणून तो रिकाम्या घरापुढे वाजला."

लोकांनी महाराजांकडे वळून बघितलं. ते कफनी सावरत एसटीच्या दिशेने निघाले होते. गावातल्या तरण्या पोरांनी त्यांना अडवलं. महाराज म्हणजे पारोळ्याकडचा लीलाधर, कधीकाळी कंत्राटावर शेतांचं सर्वेक्षण करत हिंडलेला, हे पुढे पोलीस पाटलांसमोर उघड झालं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याच्यावर आणि रुपचंदवर तक्रार नोंदली गेली.

पण त्या क्षणी शीतलला विजय मिळाल्यासारखं काही वाटलं नाही. कारण वना तिच्यासमोर उभा होता, मोबाइल अजून हातात तसाच.

"तो खोटा शे, समजनं," तो म्हणाला. "मंग मन्ही पोरले कोनी खादं, ते सांग. खरी डाकीन कोन शे?"

सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिने आता कुणाचंही नाव घेतलं असतं तरी गाव तिकडे धावलं असतं.

"कोणीच नाही, वनाभाऊ. डाकीण नसतेच. तिला कुणी खाल्लं नाही, ती आजारी पडली."

मग तिने नकाशा उघडला आणि त्याला दाखवला. आजारी पोरांची घरं एकीकडे गोळा झाली होती, खालच्या विहिरीभोवती. वरच्या हातपंपाचं पाणी पिणाऱ्या घरांत जवळपास कुणीच आजारी नव्हतं. "खालच्या विहिरीला कठडा नाही, आणि उकिरड्याचं पाणी वाहून तिकडेच जातं. मला संशय पाण्याचा आहे. पण तपासणी यायची आहे. ती येईपर्यंत मी नक्की असं म्हणणार नाही. तोवर पाणी उकळून प्या, आणि पोराला जुलाब लागले की भगताकडे नको, दवाखान्यात न्या."

वनाने पडद्यावर आपलं घर शोधलं. ते विहिरीच्या अगदी लगत होतं. तो तिथेच खाली बसला. "ती आजारी व्हती, तवय मी बठ्ठं पानी तेच पाजं तिले," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला.

तपासणी आली. पाणी खराबच होतं. विहीर उपसली, औषध टाकलं, उकिरडा हलवला. पोरं उठून खेळू लागली.

मग गाव सुगंधाबाईंना आणायला पिंप्राळ्याला गेलं. वना होता, म्हातारी माणसं होती, सुकलाल होते. त्यांनी बहिणीसाठी नवं लुगडं आणलं होतं. ते त्यांनी तिच्या पायाशी ठेवलं आणि मान वर केली नाही.

"चाल, बहिन. बठ्ठा गावले समजनं. तू डाकीन नही शे."

सुगंधाबाई भावाकडे वळल्या. त्यांचा आवाज शांत होता.

"मोबाइल खोटा निंघना म्हनीसन मी बाई ठरनू. आन कोनी पकडंच नसतं तर? सुकलाल, तू मन्हा पाठचा भाऊ. तुले माले वळखाले मोबाइल लागना?"

त्या परत गेल्या नाहीत. उषाताईंच्या गल्लीत त्या आता बाळंतिणींना न्हाऊ घालतात. सुकलाल अधूनमधून येतात, दाराशी बसतात, चहा घेतात. बहीण चहा देते, पण त्यांच्याशी बोलत नाही.

वाचकहो, खोटा मोबाइल उघडा पाडता येतो. एक हुशार मुलगी आणि एक साधी कसोटी त्याला पुरतात. पण आपल्यातल्याच एका बाईला डाकीण म्हणायला जे मन तयार होतं, ते मोबाइलच्या आधीही तयार होतं आणि नंतरही असतं. उद्या कुणी दुसरं यंत्र घेऊन येईल, दुसरा मंत्र म्हणेल. तेव्हा इतकंच विचारा, हे कशावरून? आणि उत्तर मिळेपर्यंत दगड खाली ठेवा. तो एकदा हातातून सुटला की नंतर सापडलेलं कुठलंही सत्य त्याला परत आणू शकत नाही.