सुंदराचे हात

मुळशीच्या धरणात कुरणं बुडाली, शेळ्या विकाव्या लागल्या आणि सुंदराच्या ताटात कोरडी भाकरीच उरली. वर्षभरात तिच्या हातांची कातडी काळवंडून सोलू लागली. माले गावी माहेरी गेली, तर आईनं महारोग समजून दारातूनच परत पाठवलं.

पौडच्या वैद्यांनी हात निरखले. "हा महारोग नव्हे, पोरी. उपासमार आहे. दूध, डाळ, पालेभाजी खा."

नवऱ्यानं, धुळाजीनं, भावकीतून दुभती शेळी मागून आणली. चार महिन्यांत हात नितळ झाले. ते आईला दाखवायला सुंदरा माल्याला धावली.

"आई गेली, सुंदरे," भाऊ म्हणाला. "धा दिस झालं. तुझंच नाव घेत हुती."

"मंग मला सांगावा का न्हाई धाडला?"

"गाव म्हनला, महारोगीण मयताला नगं."

सुंदरानं आपले नितळ हात भावापुढं धरले.