रामधनचा पाय उडाला तेव्हा

मी एक जुनी, रबरी डोक्याची हातोडी आहे. खिळे ठोकणाऱ्या हातोड्या मला हसतील, हसू देत. १९५६ साली दिग्रसच्या डॉक्टर भगवानरावांनी मला विकत घेतलं.

मित्रांनो, माझं काम अगदी सोपं. पाय लोंबकळत सोडून बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीखाली मी टक्कन बसते. तिथून मज्जातंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला निरोप नेतात आणि तिथूनच परत हुकूम सुटतो. पाय उडतो. डॉक्टर याला रिफ्लेक्स म्हणतात. मेंदूला मागाहून कळतं. लहान मुलं खिदळायची, डॉक्टर माझं कौतुक करायचे आणि मी फुशारून जायची.

१९५९च्या हंगामात तांड्यावरचा रामधन बैलबंडीत उभा राहून कापूस तुडवत होता. शिगोशीग भरलेल्या बंडीवरून तो पाठीवर पडला. कणा मधोमध मोडला, कमरेखालचं अंग लुळं झालं. पहिले काही आठवडे मी कितीही ठोकलं तरी पाय ढिम्म. दीड महिन्यानं मात्र तो इतक्या जोरात उडाला की त्याची बायको मैनाबाई रडायलाच लागली.

"डाक्टरसाहेब, जीव आला ना पायात!"

"रिफ्लेक्स आला," डॉक्टर घाईत म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

खरं असं होतं की मोडलेल्या जागेखालचा मज्जारज्जू शाबूत होता. तो आपला हुकूम सोडत होता. मेंदूकडे जाणारी वाट तेवढी तुटली होती. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. मैनाबाईला कुणी सांगितलं नाही.

पुढचं तिनंच नंतर येऊन सांगितलं. लुळ्या अंगाला तापल्या विळ्याचा डाग द्यायची तांड्यावर रीत. तांड्याच्या प्रमुखानं, शंकरसिंग नायकानं, रामधनच्या तळव्याला डाग दिला, तसा पाय झटकन आखडला. "पाहा, ओढून राह्यला!" सगळे हरखले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, तिसऱ्या दिवशीही. रामधन हसून म्हणायचा, "द्या अजून. मले तं काहीच दुखून नाही राह्यलं." त्याला ती आपली हिंमत वाटायची.

तळवे चिघळले, तरी त्याला कळलं नाही. पंधराव्या दिवशी तापात तो गेला.

डॉक्टरांनी मान खाली घालून मैनाबाईला सगळं समजावलं. पाय आपोआप उडतो, माणसाला त्याची खबर नसते. तिनं विचारलं,

"हे त्या दिवशी काहून नाही सांगतलं, साहेब? मले समजलं असतं."

त्यानंतर मला खणात टाकलं गेलं. आता माझं रबर तडकलं आहे, दांडा गंजला आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्याच ठोक्यानं त्या बाईला खोटी आशा लावली, याचं वाटतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल. पाय उडाला की आधी रोग्याला विचारा, "ठोका जाणवला का?" तो नाही म्हणाला, तर त्याच्या बायकोला समोर बसवा आणि सगळं सांगा. तिला समजतं.