चकव्यावरचा उतारा

आमच्या विद्यापीठातलं आधुनिक चित्रांचं संग्रहालय पूर्वी ग्रंथालयाच्या तळघरात होतं. भिंतींना ओल होती, चौकटींना वाळवी होती, पण चित्राखाली नाव असायचं ते चित्रकारानं दिलेलंच. आता काचेची इमारत आहे, दात वाजतील इतका गारवा आहे, आणि संचालक म्हणून डॉ. लिसांद्रो आहेत.

माझी थोरली बहीण सालुद, तिनं काढलेलं चित्र त्यांनी नव्यानं टांगलं म्हणून मला उद्घाटनाला बोलावलं होतं. चित्रात मीच आहे, तरुणपणीची. ब्लाउज उलटा, शिवणी बाहेर. सालुदनं नाव दिलं होतं ‘घरची वाट’. पाटीवर मात्र लिहिलेलं: ‘उसवलेली स्त्री. चित्रकर्तीच्या मनोरुग्ण काळातील निर्मिती.’

सालुद मनोरुग्ण! मकिलिंग डोंगराच्या रानात आम्हा दोघींना चकवा लागला होता, एवढीच गोष्ट. फिरून फिरून त्याच ओढ्यापाशी येत होतो. सालुद म्हणाली, “पुरिंग, ब्लाउज उलटा घाल. तिकबालांग खोडी काढतोय.” तिकबालांग म्हणजे आमच्याकडचं वाट चुकवणारं घोडतोंडं भूत. दोघींनी घातले, आणि वाट सापडली. घरी पोचेपर्यंत ती हसत होती. हसतहसतच तिनं ते चित्र काढलं.

“पाटी बदला,” मी डॉक्टरांना म्हणाले.

“लोला,” ते म्हणाले, आमच्या फिलिपिन्समध्ये आजीला म्हणतात तसं, “कलाकृतीला अनेक अर्थ असतात.”

“असोत की. त्यात माझी बहीण वेडी कुठून आली?”

“त्या शिवणी बघा ना. आतलं सगळं बाहेर...”

“गाव कुठलं हो तुमचं?”

“केसोनकडचं.”

“मग रानात वाट चुकली तर तुमची आजी काय करायला सांगायची?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. “शर्ट उलटा घाल म्हणायची. पण लोला, परदेशी पाहुण्यांना हे सांगायचं? हसतील ते.”

म्हणजे माहीत होतं! अडाणी असते तर मी सोडून दिलं असतं.

मी स्वच्छतागृहात गेले आणि अंगातला भरतकामाचा ब्लाउज उलटा करून बाहेर आले. सगळ्या गाठी, सगळे दोरे वर.

“अगंबाई, लोला, उलटा घातलात!” तळलेल्या लुम्पियाचं ताट फिरवणारी बाई ओरडली.

“मुद्दाम घातलाय. या इमारतीत चकवा आहे.”

ती फिस्सकन हसली. तिला कळलं. मी चित्रापाशी गेले, नखानं पाटी उचकटली आणि पर्समध्ये टाकली. मग एका पाहुण्यानं टाळी वाजवली, आणि सगळेच वाजवू लागले.

“विलक्षण सादरीकरण!” डॉ. लिसांद्रो पाहुण्यांना सांगत होते. पाटी गेली याचं त्यांना काही नव्हतं. टाळ्या मिळाल्या होत्या.

मी मागे वळूनही पाहिलं नाही. फाटकाशी पोचते तो प्रवाशांनी भरलेली जीपनी गाडी समोर हजर. मी चढून बसले.

“लोला, ब्लाउज उलटा झालाय बरं का,” शेजारी बसलेली मुलगी कुजबुजली.

“राहू दे, पोरी. घर अजून यायचंय.”