लघवीची गोळी

माझी सासू जनी विसरभोळी आहे, असं डॉक्टरांना वाटायचं. मांडवीतल्या कुठल्या घरात कोळंबीने कुणाच्या अंगावर पुरळ उठतं, हे लक्षात ठेवून मासळी विकणारी ही बाई. ती म्हणे सकाळची एक गोळी विसरते!

"का घेत नाही गोळी?" ते दर वेळी विचारायचे.

"इसारतंय," ही मान खाली घालून सांगायची.

तिचं हृदय थकलंय, पाय सुजतात. गोळीने अंगातलं पाणी उतरतं, पण मग दोन-तीन तास सारखं जावं लागतं. जायचं कुठे? सकाळभर ती बाजारात बसते आणि तिथल्या शौचालयाला कुलूप. पूर्वी मागे करवंदीची जाळी होती, बायका तिथे जायच्या. आता तिथे इमारत झालीय, आणि सगळ्या खिडक्या इकडेच. म्हणून ही गोळी तर घेत नाहीच, दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही.

"डॉक्टरांना खरं सांगा की," मी चिडायचे.

"गप गो! बाप्या मानसाला काय सांगू, मुतायला जागा नाय म्हनून?"

शेवटी मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग दुपारी घ्या. दुपारी ही घरी येऊन दोन घास खाते आणि मासळीच्या लिलावाला बंदराच्या धक्क्यावर जाते. तिथेही आडोसा नाही, सगळीकडे पुरुष. रात्री घेतली तर झोपेचं खोबरं, आणि पहाटे पुन्हा धक्क्यावर जायचं. मी म्हटलं, बाजार सोडा. तर म्हणाली, "बसायची जागा गेली तर परत कोन देनार?"

मला तिचा राग यायचा, डॉक्टरांचाही, आणि त्या कुलपाचा तर सगळ्यांत जास्त.

मंगळवारी बाजारातच तिचा श्वास कोंडला. टोपलीत अजून बांगडे होते. रिक्षाने इस्पितळात आणेपर्यंत तिचे ओठ निळे पडले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, फार उशीर झालाय, मुलाला बोलावून घ्या. माझा नवरा हर्षद जयगडच्या बंदरात कामाला. त्याला फोन लावला आणि रडत रडतच सांगितलं, लगेच नीघ.

परत आले तेव्हा सिस्टर तिला गोळी देत होती. हिने हूं की चूं न करता गिळली. वर पाणीही मागितलं, आणि सिस्टर पुरे म्हणेपर्यंत पीत राहिली.

मग अंगाला लावलेल्या लघवीच्या नळीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "आता रोज घेईन गो. आता उठून कुठं जायला नको."