दांडा वर!

मी एक जुना पितळी रेझर आहे, मित्रांनो. घरात मात्र मला कुणी रेझर म्हणत नाही, 'दाढीचं मशीन' म्हणतात. माझ्यात ना चाक आहे ना मोटर, तरी मी मशीन! असो. टोपी, मधली पट्टी आणि दांडा, एवढंच माझं अंग. टोपी आणि पट्टीच्या मध्ये दुधारी ब्लेड ठेवायचं, दांडा पिळून घट्ट करायचा, की मी कामाला तयार. एके काळी माझा मुलामा चकचकीत होता. आता तो जागोजागी उडून आतलं पिवळं पितळ दिसतं. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. चाळीस वर्षं एकाच माणसाच्या हातात झिजलो आहे मी.

तो माणूस म्हणजे कळंबचे म्हस्कू आबा. आता सगळे आबा म्हणतात, पण बारामतीच्या बाजारात त्यानं मला पहिल्यांदा उचललं तेव्हा तो नुसता म्हस्कू होता. कोकरं विकायला आला होता. मेंढरं घेऊन सहा-सहा महिने गावाबाहेर फिरणारा माणूस, वाटेवर त्याला न्हावी कुठला भेटायला? पोत्यावर मांडलेल्या सामानातून त्यानं मला उचललं, उलटसुलट केलं आणि दुकानदाराला विचारलं, "ह्यानं गाल कापतो का?"

"धरता आलं न्हाय तर कापतो," दुकानदार म्हणाला.

तो हसला आणि मला घेऊन गेला. पहिल्याच दिवशी त्यानं गाल तीन ठिकाणी कापून घेतला. त्याची बायको साखरबाई चुलीपुढून ओरडली, "अगं बया! लांडग्यानं वरबाडलं का काय तुमाला?"

मित्रांनो, त्यात माझी चूक नव्हती, हे मी आजही सांगतो. मला धरायची एक रीत आहे. आधी माझी टोपी गालाला टेकवायची आणि दांडा गालापासून सरळ बाहेर ठेवायचा. असं धरलं की ब्लेड गालाला लागतच नाही. मग दांडा हळूहळू खाली आणायचा. एका जागी धार केसाला भेटते आणि 'खर्र' असा बारीक आवाज येतो. बास, तिथंच थांबायचं आणि तोच कोन सांभाळत खाली यायचं. दांडा आणखी खाली पाडला, तर ब्लेड उभं राहतं आणि कातडी खरवडतं. गाल जसा वळतो, तसा दांडाही वळवायचा. आणि दाबायचं मुळीच नाही. माझं स्वतःचं वजन आहे की! देवानं आणि कारागिरानं ते पुरेसं दिलेलं आहे.

म्हस्कूला हे कुणी शिकवलं नाही. बाभळीला टांगलेला त्याचा आरसा एका उधळलेल्या बोकडानं फोडला. मग तो आरशाशिवाय, नुसता आवाज ऐकत दाढी करू लागला. खर्र ऐकू आलं की हात पुढे, नाही आलं की दांडा थोडा हलवायचा. पुढे नवा आरसा आला, तरी त्याचे डोळे मिटलेलेच असत. दर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं असे बसायचो. ते दिवस मला फार आठवतात.

चराईची रानं संपत गेली, तशी मेंढरं विकली. मुलगा बिरू कालव्याच्या पाण्यावर डाळिंब आणि भाजीपाला करू लागला. पत्र्याच्या खोपीच्या जागी स्लॅबचं घर झालं. साखरबाईंची मेंढरांची लोकर भादरायची कातर खुंटीला गेली. बायका सहसा ती कातर हाती धरत नाहीत, पण साखरबाईंना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. मेंढरू भादरावं तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. कातर गंजली, मी मात्र कामावर होतो. ह्या गोष्टीचा मला जरा ताठाही होता.

गेल्या दिवाळीआधी आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द निघत होते. डॉक्टरांनी साखरबाईंना आणि बिरूला समोर बसवून सांगितलं होतं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना कुठं कापू देऊ नका. आणि ह्यांना रोज बोलतं ठेवा. आता गप्प बसले, तर बोलणं परत येणं अवघड होईल."

आणि आबा नेमके गप्प बसले. झालं असं, की डाळिंबाचा एक व्यापारी दारात आला. आबांनी खाटेवरून विचारलं, "कुठनं आलासा?" व्यापाऱ्याला काही कळलं नाही. तो बिरूकडे बघून हसत म्हणाला, "काय म्हणत्यात ओ हे?" एवढंच. वाईट मनानं हसला नव्हता तो. पण त्या दिवसापासून आबांनी तोंड मिटलं. पाणी हवं तर बोट दाखवायचं, नको असेल तर मान हलवायची. बोलायचं नाही.

दाढी वाढली. झुंबर न्हावी घरी आला, पण गोळ्यांचं ऐकून त्यानं हात जोडले. "एक जरी चीर पडली आन् रगात थांबलं न्हाय, तर मी काय करू?" नात स्वप्नाली लोणी देवकर गावच्या कारखान्यात कामाला आहे. तिनं बॅटरीवरचं मशीन आणलं. घुंईघुंई करत ते गालाजवळ आलं, तर आबांनी डाव्या हातानं ते ढकलून दिलं. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मग माझ्या लक्षात आलं. त्यांना माझीही गरज नव्हती. वाकडं तोंड झाकायला त्यांना ती दाढी हवी होती.

तीन महिने मी फळीवर धूळ खात पडलो होतो. घरात बाकी सगळे बोलत, फक्त त्यांचा आवाज नाही. साखरबाई एकट्याच त्यांच्याशी बोलायच्या. "आज भाजीत मीठ जास्त झालं का?" उत्तर नाही. "बिरूनं औषध मारलं बगा बागंला." उत्तर नाही. एकदा त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शिव्या तरी द्या वो मला!"

एक दिवस दाढीत भाकरीचा काला अडकला आणि माश्या बसू लागल्या. साखरबाई उठल्या आणि त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं. जन्मात त्यांनी मला हातात धरलं नव्हतं. आधी लांब केस घरातल्या छोट्या कातरीनं उतरवले, ते बाकी झकास. मग फेस लावला, आबांचं डोकं स्वतःच्या कमरेशी घट्ट धरलं आणि डाव्या हातानं गालाची कातडी ताणली. ती तर इतकी सुंदर ताणली, की मी मनात म्हटलं, वा!

पण उजवा हात! मेंढरू भादरताना कातर कातडीला समांतर, अगदी आडवी धरावी लागते. उभी धरली तर टोक रुततं. साखरबाईंच्या हाताला आयुष्यभर तीच सवय. त्यांनी मलाही तसंच गालावर झोपवलं. अहो, माझं उलटं आहे! माझा दांडा झोपला की ब्लेड उभं राहतं. मी ओरडणार तरी कसा? पहिल्या फेरीला कातडी खरवडली, दुसऱ्या फेरीला कानाखाली कापलं. त्याच वेळी आबांच्या घशातून आवाज आला, "दां..."

रक्त थांबता थांबेना. साखरबाई फडकं दाबून बसल्या. बिरू मळ्यातून धावत आला. अर्ध्या तासानं रक्त थांबलं, तेव्हा त्यानं मला उचललं आणि पंपाच्या जुन्या नटबोल्टांच्या डब्यात फेकलं. "आये, डाक्टरनी काय सांगितलं हुतं? आबाला मारतीस का काय?"

मी त्या तेलकट डब्यात पडून रडलो असतो, पण आम्हाला रडता येत नाही, फक्त गंज चढतो. तोही पितळेला नाही. तेव्हा मी नुसता पडून राहिलो.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं. साखरबाईच होत्या. त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "दां म्हणालं. म्या ह्या कानानं आयकलं. दांडा म्हणायचं हुतं त्यांना." त्यांनी मला राखेनं घासलं, गरम पाण्यात बुडवलं, दांडा फिरवून उघडलं आणि आतलं ब्लेड काढून टाकलं. ब्लेड काढून! मला अपमान वाटला. पण पुढे काय झालं ते ऐका.

आबांच्या तोंडाला फेस लावून त्यांनी मला तसंच, बिनब्लेडचं, गालावर ठेवलं. तेही आडवं. आबांनी डोळे वटारले. साखरबाईंनी खुशाल मला फेसातून ओढलं. परत आडवा. आबांनी डावा हात उचलला, तो साखरबाईंनी हळूच बाजूला सारला. तिसऱ्यांदा आडवा ठेवला, तेव्हा आबांचा धीर सुटला.

"मी काय... मेंढरू हाय... व्हय?"

शब्द फुटके होते, जड होते, पण तीन महिन्यांनी आले होते. साखरबाईंनी मला फेसातून वर उचललं. त्या म्हणाल्या, "मग कसं धरायचं? मला काय म्हाईत? तुमी सांगितल्याबिगर कळंल व्हय?"

"दां... डा... वर."

"काय?"

"दांडा वर, गं!"

"आस्सं," साखरबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी त्यांच्या मुठीत होतो, म्हणून मला दिसलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी शाळा भरू लागली. आबा खाटेवर, साखरबाई शेजारी आणि मी बिनब्लेडचा मध्ये. "टोपी टेकव." "दाबू नगं." "हितं वळव." एकदा आबा म्हणाले, "आवाज आयक."

"कसला आवाज? पातं न्हाय तर आवाज कुठला?"

मग आबांनी तोच आवाज तोंडानं काढायला सुरुवात केली. जीभ वळेना. 'खल्ल' व्हायचं, 'खय्य' व्हायचं, वाकड्या बाजूनं लाळ गळायची. साखरबाई ती पुसायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो न्हाय वाटत त्यो आवाज." मग आबा चिडून परत काढायचे. आठ-दहा दिवस हेच चाललं होतं. एका सकाळी दांडा बरोबर कोनात आला आणि आबांच्या तोंडून स्पष्ट आलं, "खर्र!"

दोघंही हसू लागली. ते हसणं ऐकून बिरू दारात येऊन उभा राहिला. मला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो काही बोलणार, एवढ्यात आबा म्हणाले, "बिरू, ब्लेड आण."

बापाच्या तोंडून स्वतःचं नाव त्यानं किती दिवसांनी ऐकलं होतं! तो खाली बघत म्हणाला, "डाक्टरला इचारून आणतो आबा." आणि खरंच, फोनवर विचारून, जपून करा असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच त्यानं नवीन ब्लेड आणलं. वर कापूस आणि तुरटीही आणली.

मित्रांनो, त्या दिवशी मीसुद्धा घाबरलो होतो. कोमट पाणी, भरपूर फेस. साखरबाईंच्या डाव्या हातानं कातडी ताणली, ती तीच जुनी भादरायची कला. वाकड्या ओठाजवळची सैल कातडीही कशी सपाट झाली! उजव्या हातानं टोपी टेकवली. दांडा सरळ बाहेर. मग हळू, हळू खाली. बिरू हातात कापूस धरून उभा. आणि खर्र आला! साखरबाईंचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. गाल, हनुवटी, गळा, सगळं झालं. रक्ताचा एक थेंब नाही.

पूर्ण तोंड उघडं पडलं. वाकडं होतं ते वाकडंच दिसलं. आबांनी डावा हात तोंडावर नेला. साखरबाईंनी तो धरून खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. किती दिसांनी बघतीया तुमाला."

आता आबा ओट्यावर बसतात, येणाऱ्याला नाव-गाव विचारतात. समोरच्याला नाही कळलं तर परत विचारतात. तो व्यापारी पुन्हा आला, तेव्हा त्यालाही विचारलं, आणि ह्या वेळी त्यानं नीट थांबून उत्तर दिलं.

जाता जाता माझं एक मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना काम झाल्यावर उघडून धुवा, कोरडं करा, ब्लेड लहान हातांपासून लांब ठेवा आणि बोथट झालं की कागदात गुंडाळून टाका. आणि घरात कुणाचं बोलणं अडखळत असेल, तर त्यांना जे चांगलं येतं ते शिकवायला सांगा. ते सांगतील. वेळ लागेल, तेवढा द्या.

एक गुपित फक्त तुम्हाला सांगतो. साखरबाईंना मला धरणं आता उत्तम जमतं, आबांपेक्षाही हलका हात आहे त्यांचा. तरीही दर तिसऱ्या दिवशी, पहिल्या फेरीआधी, त्या मला गालापासून बोटभर लांब, फेसालाही न टेकवता आडवा धरतात आणि थांबतात. माझी धार कातडीला लागणार नाही, एवढी काळजी घेऊन थांबतात.

"दांडा वर, गं! कितींदा सांगायचं?" आबा ओरडतात.

"इसरले बगा," साखरबाई म्हणतात आणि दांडा वर करतात.