किटली कुणाची?

"ही किटली तुमच्याकडं कशी, आप्पा?"

दानिएल मास्तर दारातूनच विचारत होते. शलमोननं मान वर केली नाही. तो रॉकेलच्या स्टोव्हची वात सारखी करत होता. किटली चुलीवर धड बसत नव्हती, म्हणून स्टोव्ह शेजारच्या कुशाबाईकडून मागून आणला होता. शिरूरच्या मिशन बंगल्यात खानसामा म्हणून बावीस वर्षं काढली, पण स्वतःच्या घरात कॉफी करायचा त्याचा हा पहिलाच दिवस. आणि नेमके आजच मास्तर हजर. वासानं आले, का कुणी चुगली केली?

"मिससाहेबांनी दिली. अमेरिकेला निघाल्या त्या दिवशी, हातात."

"कागद हाय?"

"किटलीला कागद कशाला, मास्तर? म्हैस हाय व्हय ती?"

मास्तर हसले नाहीत. ते शाळेचे हेडमास्तर, वर मिशनच्या कमिटीचे सेक्रेटरी. बंगला नव्या डॉक्टरांच्या ताब्यात द्यायचा होता आणि कपाटातली एक किटली कमी भरली होती.

"बसा. पिऊनच जा," शलमोन म्हणाला.

त्यानं किटलीत थंड पाणी ओतलं, मधोमध नळी उभी केली, नळीवर भोकांचा डबा बसवला. डब्यात कॉफी घातली, खलबत्त्यात कुटलेली, जाड रव्यासारखी.

"बारीक केली की भोकं बुजत्यात. आन् तुमच्यासारखी दुधात जायफळ घालून उकळली, की झाला काढा."

झाकणावरच्या काचेच्या बोंडात पाणी उडायला लागलं तशी त्यानं वात खाली घेतली. पाणी पिवळं झालं, मग तांबूस. काकवीचा रंग आला तेव्हा किटली उतरवली.

बंगल्यात कॉफी झाली की गाळ मिससाहेबांना दाखवावा लागे. त्यांनी मान डोलावली, मगच तो गुलाबाच्या आळ्यात. का? तर खानसामा कालचाच गाळ वाळवून पुन्हा वापरील आणि ताजी पूड घरी नेईल! प्रार्थनेत 'बंधू शलमोन' म्हणणारी बाई रोज सकाळी बंधूचा गाळ तपासायची. गोरे गेले, संशय मात्र कमिटीच्या पदरात टाकून गेले, आणि कमिटीनं तो प्रसादासारखा कपाळाला लावला.

मास्तरांनी कप तळापर्यंत संपवला. "फक्कड झालीय," म्हणाले. मग ओठ पुसून मुद्द्यावर आले.

"किटली गुपचूप बंगल्यात ठेवून द्या, आप्पा. कोण काय बोलणार न्हाई. ग्लॅडिसची दवाखान्यातली नोकरी अजून कच्ची हाय. उगं तिच्यावर बालंट नको."

"गुपचूप ठेवायची म्हंजी चोरली व्हती, असंच ना?"

"मी तसं म्हणलो न्हाई."

"मग म्हणा की! तोंड उघडून म्हणा."

"रविवारपतूर बघा," एवढं बोलून मास्तर गेले.

ग्लॅडिस, त्याची सून, आत सगळं ऐकत होती. नवरा दौंडला रेल्वेत फायरमन, महिन्यातून दोनदा यायचा. घर तिच्या पगारावर चालायचं. डोक्याला नर्सची टोपी लावत ती बाहेर आली. थोडी घुटमळली.

"मामा, राग मानू नका. पन खरंच दिली ना त्यांनी?"

मास्तरांचं बोलणं कातड्याला लागलं होतं. हे आत गेलं.

"व्हय," तो म्हणाला आणि गाळ उकिरड्यावर टाकायला निघून गेला.

रविवारी कापणीचा सण होता. त्या दिवशी जो तो आपल्या घरचं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतो. पाळक देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारतात, मंडळी आमेन म्हणते, की ती वस्तू देवाची झाली. दुसऱ्याचं आणून ठेवायला कुणी धजत नाही. ठेवलंच, तर पाळक ते सगळ्यांदेखत परत करतात.

शलमोननं किटली राखेनं लख्ख घासली. फडक्यात गुंडाळली नाही. आवारातून भर उन्हात दोन्ही हातांत धरून नेली आणि भोपळे, बाजरीची कणसं यांच्या मधोमध ठेवली. देवळात कुजबुज झाली, लगेच थांबली.

पाळक अब्राहाम यांनी दानिएल मास्तरांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मास्तर," शलमोन वेदीपाशी उभा राहूनच म्हणाला, "बंगल्याची असंल तर उठा आन् उचला."

उठायचं तर चोर हा शब्द देवळात, चारशे माणसांपुढं उच्चारायचा. कागद शलमोनकडं नव्हता, तसा मास्तरांकडं तरी कुठं होता? घरात येऊन दबक्या आवाजात बोलणं निराळं. मास्तर बुटांच्या टोकांकडं बघत बसले.

पाळकांनी घसा खाकरला.

"शलमोन साळवे यांच्याकडून, कॉफीची किटली एक."

"आमेन," मंडळी म्हणाली. बायकांच्या बाजूनं ग्लॅडिसचं आमेन जरा उशिरा, पण सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आलं.

शलमोननं तिकडं पाहिलं नाही. तो जागेवर जाऊन बसला आणि रिकामे हात त्यानं मांडीवर पालथे ठेवले.